पाचनईची वाट

बालदोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही काय करता? मामाच्या गावाला जाता, मातीचा किल्ला करता, चिवडा-चकली खाता. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मात्र चालले. चांगले सहा दिवस चालले! कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघायचं आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाऊन थांबायचं, असा आमचा बेत होता. सगळी वाट आपल्याच जिल्ह्यातली, अकोले तालुक्यातली. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, हे तुम्हाला माहीत आहेच.) पहिले पाच दिवस मी भराभर सांगून टाकते, कारण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते सहाव्या दिवसाचं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा पाचवीतला मुलगा आणि माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय वर्षे सहासष्ट, उजवा गुडघा कुरकुरणारा, पण चालायचं म्हटलं की सगळ्यांत पुढे. मुलाचे बाबा एस. टी. मध्ये वाहक. दिवाळीत एस. टी. वाल्यांना कसली आलीय सुट्टी! त्यांनी आम्हाला गाडीत बसवून दिलं, "रोज एक फोन करा" म्हणाले, आणि फोनला रेंज नसलेल्या डोंगरांत आम्ही शिरलो.

पहिल्या दिवशी कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वर चढताना लोखंडी शिड्या लागतात. अण्णा म्हणाले, "म्या खाली देवीला हात जोडतो, तुम्ही वरून माझा नमस्कार सांगा." वर पोचल्यावर मी मुलाला वेल्सची गोष्ट सांगितली. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला छोटासा डोंगराळ देश. तिथं दक्षिणेच्या कार्डिफ शहरापासून उत्तरेच्या कॉन्वी गावापर्यंत डोंगरांतून जाणारी एक पायवाट आहे, तिला केंब्रियन वे म्हणतात. लांबी पावणेपाचशे किलोमीटरहून जास्त! लोक हौसेनं आठवडेच्या आठवडे ती चालतात. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या गिर्यारोहकांनी आधी वेल्सच्याच डोंगरांत सराव केला होता. पण गंमत पाहा, तिथलं सर्वांत उंच शिखर स्नोडन, ते १०८५ मीटर. म्हणजे आपली कळसूबाई त्याच्याहून पाचशे मीटरनं उंच! हे ऐकून आमचे चिरंजीव असे ऐटीत उतरले, की जणू कळसूबाई त्यांनीच रचली.

दुसऱ्या दिवशी शेंडी गाव आणि भंडारदऱ्याचं धरण. प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९२६ साली पुरं झालं. तिसऱ्या दिवशी जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीला, अमृतेश्वराच्या जुन्या कोरीव देवळाजवळ मुक्काम. चौथ्या दिवशी कात्राबाईची खिंड. तिथलं जंगल दाट, म्हणून रतनवाडीचे एक वाटाडे मामा सोबत घेतले. रतनगडावर मात्र गेलो नाही. पुन्हा शिड्या होत्या, आणि अण्णांना तिसऱ्यांदा खाली ठेवणं माझ्या जिवावर आलं असतं. खिंड उतरून कुमशेत, आणि पाचव्या दिवशी मुळा नदी ओलांडून पाचनई. झालं की नाही भराभर?

पाचनई हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. भाताची कापणी झाली होती, खळ्यावर झोडणी चालली होती. नागली अजून उभी होती. एका मावशींच्या ओसरीवर आम्ही पथाऱ्या पसरल्या. रात्री अण्णांनी धोतर वर केलं तेव्हा पाहिलं, उजवा गुडघा नारळासारखा सुजलेला! कुमशेतपासून ते एक शब्द बोलले नव्हते. मावशींनी निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला आणि फडक्यानं बांधून दिला. "सकाळी बघू," म्हणाल्या.

सकाळी मी पाचला उठले तर अण्णा चुलीपाशी बसलेले. ते रोज चारलाच उठतात. गेली कित्येक वर्षं त्यांना उठायचं काही कारण नाही, तरी उठतात. सूज थोडी उतरली होती. मला म्हणाले, "माय, तुम्ही दोघं जाऊन या. म्या हितंच वसरीवर बसतो."

मी काही बोलायच्या आत गोधडीतून आवाज आला, "आजोबा येणार नाहीत तर मीपण नाही."

आता काय करायचं? पाच दिवस चालून शेवटचा दिवस सोडायचा? मी जरा विचार केला आणि ठरवलं, की तिघांनी निघायचं, अगदी सावकाश जायचं. गडाच्या वाटेवर मोठ्या कातळभिंतीपर्यंत अण्णांचा गुडघा बोलला, तर तिघंही परत फिरायचं. कोकणकडा कुठं पळून जातोय? तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बनलाय, पुढच्या दिवाळीलाही असेल. अण्णांना हा हिशेब पटला. मावशींनी नागलीच्या भाकरी आणि लसणीची चटणी बांधून दिली, आणि त्यांचा नववीतला मुलगा आमच्यासोबत वाटाड्या म्हणून दिला. तो आश्रमशाळेत शिकतो, दिवाळीला घरी आला होता. पायात साधी चप्पल, चाल मात्र हरणाची.

पाचनईची वाट ही गडाच्या सगळ्या वाटांत सोपी समजतात. सोपी म्हणजे कशी, तर चढ आहे पण घाबरवणारा नाही. आधी झाडी, कारवीची झुडपं. ही कारवी मोठी मजेशीर. वर्षानुवर्षं नुसती वाढते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच सगळा डोंगर जांभळा करते. आमच्या वेळी तिचा काही बेत नव्हता.

अण्णा हातात काठी घेऊन पावलं मोजत चालत होते. वीस पावलं झाली की "एक इसा" म्हणायचे आणि क्षणभर थांबायचे. पुन्हा वीस, "दोन इसा". माझा मुलगा म्हणाला, "आजोबा, सरळ शंभर का नाही म्हणत?" अण्णा म्हणाले, "पाच इसा म्हंजी शंभरच की रं. थोडं थोडं मोजलं की लांबचं जवळ येतंय." मग तोही मोजू लागला. मी मागून दोघांकडे पाहत चालले होते. इसा मोजायची ही सवय कुठली, ते मला माहीत होतं. मुलाला माहीत नव्हतं.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगरउताराचं, पावसाच्या भरवशाचं. दिवाळी झाली की अण्णा आणि आई बैलगाडीत भांडीकुंडी घालून उत्तरेकडे कारखान्यांच्या भागात निघायचे. पाच मुक्कामांनी पोचायचे. तिथं उसाच्या पाचटाची कोपी घालायची आणि पाडव्याच्या सुमारापर्यंत ऊस तोडायचा. मी आजीपाशी गावात राहिले म्हणून माझी शाळा सुटली नाही. माझ्या डी. एड. ची फी अण्णांनी मुकादमाकडून उचल घेऊन भरली, आणि पुढचे दोन हंगाम ती फेडली. मला नोकरी लागल्यावर त्यांनी कोयता ठेवला. पण नातू झाल्यावर मला म्हणाले होते, "त्याला ह्यातलं काय सांगू नगं. मास्तरीणबाईचं पोरगं हाये ते." मी त्यांचा शब्द मोडला नाही. शाळेच्या एका तक्त्यात माझ्या मुलानं आजोबांचं काम ‘शेती’ असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पाव भाग खरं होतं.

तासाभरानं ती कातळभिंत आली. काय सांगू तुम्हाला! डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला काळा कातळ आणि त्याच्या पोटाखालून जाणारी वाट. मी विचारलं, "अण्णा, गुडघा काय म्हणतोय?" ते म्हणाले, "काय न्हाय, झोपलाय." मी पाहिलं, चेहरा ओढलेला नव्हता, पाऊल नीट पडत होतं. निघालो पुढे.

कातळ संपला आणि ओढा लागला. पावसाळा सरून महिना झाला होता, तरी कातळातल्या कुंडांत काचेसारखं पाणी होतं आणि एका कुंडातून दुसऱ्यात झुळझुळ वाहत होतं. आम्ही भाकरी सोडल्या. वाटाड्या म्हणाला, "बाई, ही मंगळगंगा. वर देवळापाशी निघते, खाली जाऊन मुळेला मिळते."

मुलगा लगेच पुस्तकासारखा सुरू झाला. "मुळा नदीवर राहुरी तालुक्यात मुळा धरण. २६ टीएमसीचं. त्याचंच पाणी नगर शहराला येतं. मग कालवे. कालव्यांवर ऊस. उसाची साखर. मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला." मी खूश झाले. माझाच धडा होता ना!

अण्णा भाकरी हातात धरून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या उसाला म्या कोयता लावलाय."

मुलगा म्हणाला, "म्हणजे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आणि मग मुलांनो, माझे अण्णा, जे दिवसाला दहा वाक्यं बोलतात, ते त्या ओढ्याकाठी अर्धा तास बोलले. पहाटे चारला उठून थंडीत फडात कसं जायचं. उसाला पाण्यासारखं दव कसं असतं, त्यानं हात कसे बधिर होतात. पाचटाच्या धारेनं कशा चिरा पडतात. ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. वाढं बैलांना घालायचं. मोळ्या मोजताना इसा मोजायचा. आणि नवरा-बायको दोघं मिळून कामाला लागले की मुकादमाच्या वहीत त्यांना म्हणायचं ‘एक कोयता’.

"दोन माणसं मिळून एक?" मुलानं विचारलं.

"व्हय. तुझी आजी आन् म्या मिळून एक कोयता."

त्याची आजी, म्हणजे माझी आई, तो दोन वर्षांचा असताना गेली. त्याला ती फोटोतलीच ठाऊक. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं अण्णांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळवा उलगडून पाहिला. तिथं अंगठ्याखाली एक पांढरा व्रण आहे. आजवर तो विचारायचा तेव्हा अण्णा "खुरपं लागलं" म्हणायचे. आता त्यानं विचारलंच नाही.

आमचा वाटाड्या सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "आमच्या इकडची माणसंपण जातात बाहेर कामाला. बाबा, एक सांगू? हे पाणी तुमच्या उसाला जातं ना, पण उन्हाळ्यात आमची आई झऱ्यावर रात्रीची नंबर लावून बसते."

माझा मुलगा चकित झाला. भूगोलाच्या पुस्तकात घाटमाथा म्हणजे पाऊसच पाऊस! तुम्हालाही प्रश्न पडेल. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि आमच्या पाथर्डीकडे जेमतेम पाचशे-सहाशे. सह्याद्री ढगांना अडवतो आणि आम्ही त्याच्या पाठीमागे कोरडे राहतो. मग इथं टंचाई का? कारण हा कातळ. उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा पत्थर. पाणी मुरायला जागाच नाही. धो धो पडतं आणि धो धो निघून जातं, थेट खालच्या धरणांत. म्हणजे जिथं पडतं तिथंही हंडे, आणि जिथं पडत नाही तिथंही हंडे. माझी आजी पाथर्डीत मैलभरावरून पाणी आणायची, आणि ह्या मुलाची आई नदीच्या उगमापाशी राहून रांगेत बसते. अण्णा फक्त म्हणाले, "आसं हाय तर."

त्या कुंडातलं एक बाटली पाणी मी भरून घेतलं. माझ्या चौथीच्या वर्गाला दाखवीन म्हणून कबूल केलं होतं.

पुढे देऊळ लागलं. हरिश्चंद्रेश्वराचं. चहूबाजूंनी कातळ आणि मधोमध सुमारे १६ मीटर उंचीचं कोरीव शिखर. थोर योगी चांगदेव इथं राहिले होते आणि शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ च्या सुमाराला, त्यांनी ‘तत्त्वसार’ ग्रंथ लिहिला. शेजारीच केदारेश्वराची गुहा. आत कमरेएवढं गार पाणी आणि मधोमध माणसाच्या छातीला लागेल एवढी शिवपिंड. तिच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते, त्यांतला एकच आता धड उरला आहे. वाटाड्यानं सांगितलं, "एकेक खांब म्हणजे एकेक युग. हा चौथा पडला की कलियुग संपणार!" अण्णा काळजीनं म्हणाले, "मग त्याला टेकू लावा की रं!" आम्ही सगळे इतके हसलो की गुहा घुमली. माझा मुलगा प्रदक्षिणा घालायला पाण्यात उतरला आणि दोन पावलांत किंचाळत बाहेर आला.

देवळापासून कोकणकडा अर्ध्या-पाऊण तासावर. अण्णांना मी विचारलं नाही, तेच उठून चालायला लागले. इसे मोजायचं काम आता नातवाकडे गेलं होतं.

मुलांनो, कोकणकड्याचं वर्णन मला नीट जमेल असं वाटत नाही. तुम्ही पठारावरून चालत असता, गवतातून, अगदी साध्या जमिनीवरून. आणि जमीन संपते. एकदम. पुढे काहीच नाही. कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा, आणि तो नुसता उभा नाही, पोटात वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. खाली खोल कोकण, त्यातली चिमुकली शेतं. आम्ही काठापासून चांगले लांब थांबलो, मग पोटावर झोपून, सरपटत पुढे गेलो आणि फक्त डोकी बाहेर काढली. तुम्ही कधी गेलात तर असंच करा. काठावर उभं राहून फोटो काढायचा नाही, मग कोणी कितीही हसो. वाटाड्यानं मूठभर वाळकं गवत खाली सोडलं. ते खाली गेलंच नाही! दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यानं ते उचलून आमच्या डोक्यावरून मागे नेलं.

इथं कधीकधी इंद्रवज्र दिसतं. इंद्रधनुष्य आपल्याला अर्धं दिसतं, इंद्रवज्र पूर्ण गोल असतं, आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली! सकाळी सूर्य पाठीमागे असला आणि समोर दरीत धुकं भरलेलं असलं, की धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश मागे फिरतो आणि ते दिसतं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं ते पाहिलं होतं, त्याची नोंद १८३५ साली छापली गेली. वेल्सच्या डोंगरांतही ते दिसतं. आम्हाला नाही दिसलं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती आणि धुक्याचं नाव नव्हतं. मुलाला जरा वाईट वाटलं, मलाही. पण कड्यावर पोटावर झोपलेले अण्णा, डोक्याला मफलर, शेजारी त्यांच्याच सारखी हनुवटी हातांवर टेकून झोपलेला नातू, हे मला दिसलं आणि ते मी फोनमध्ये टिपून ठेवलंय.

"अण्णा, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लय खोल हाय," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझी आई भ्याली असती हितं."

उतरताना गुडघा पुन्हा बोलू लागला. त्यामुळे आम्ही फार हळू उतरलो, आणि त्यामुळेच मुलाला प्रश्न विचारायला भरपूर वेळ मिळाला. एका मोळीत किती ऊस? कोपीत पाऊस आला तर? बैलांची नावं काय होती? आजी किती मोळ्या उचलायची? तुम्हाला साप चावला का? आई तेव्हा कुठे होती, तिला तुमची आठवण यायची का? ह्या शेवटच्या प्रश्नाला अण्णा म्हणाले, "ते तिलाच इचार." मी म्हटलं, "यायची. पाडव्याची वाट बघायचे." पाचनईची घरं दिसू लागली तरी प्रश्न संपले नव्हते.

मावशींनी पुन्हा निरगुडी बांधली. पैसे दिले तर मुक्कामाचे तेवढे घेतले, पाल्याचे घेईनात. जीपनं राजूरला आलो, तिथून एस. टी. नं अकोले, मग संगमनेर. सहा दिवसांची वाट एका संध्याकाळीत उलटी निघून गेली.

संगमनेरच्या पुढे अंधार पडत होता आणि गाडीचा वेग एकदम मंदावला. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्यांची रांग चालली होती. कारखान्याकडे निघालेली टोळी. गाड्यांत हंडे, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, एका गाडीत कोंबड्यांची डालगी आणि तिच्याशेजारी झोपलेलं बाळ. मुलगा खिडकीशी सरकला. काच पुरी उघडली.

"आजोबा, ह्यात किती कोयते असतील?"

अण्णा त्याच्या डोक्यावरून वाकून बाहेर बघू लागले. गाडी हळूहळू पुढे सरकत होती. त्यांनी पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत नीट पाहिलं, ओठांतल्या ओठांत मोजलं.

"अकरा," ते म्हणाले. "आन् मागं चालत निघालीय ती एक पोरगी. तिचं आजून धरलं न्हाय."